आण्णांचं उन्हाचं घड्याळ

आण्णा मगदुमांना एकोणचाळीस गोष्टी करता येत होत्या आणि त्यांतली एकही त्यांनी कधी केलेली नव्हती. काच घासून दुर्बिणीचा आरसा कसा करायचा, मुंग्यांचं वारूळ काचपेटीत कसं वसवायचं, पक्ष्यांचं घर कोणत्या दिशेला टांगायचं, साठीनंतर तैलचित्रं काढायला कशी सुरुवात करायची, पडलेला बर्फ कसा मोजायचा, सगळं तोंडपाठ. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत बर्फ पडत नाही, अशी हरकत मी एकदा घेतली होती. "आन् पडला तर?" एवढंच ते म्हणाले. मी भूगोलाचा मास्तर, पस्तीस वर्षं नोकरी केलेली. पण हा प्रश्न माझ्या कुठल्याच पेपरात नव्हता.

एकोणचाळीस गोष्टी, कारण एकोणचाळीस पुस्तकं. सगळी अमेरिकन आणि सगळी हौशी लोकांविषयीची. कुठल्याशा वाचनालयानं काढून टाकलेला हा ढीग आण्णांना रद्दीच्या दुकानात सापडला आणि त्यांनी तो रिक्षात घालून घरी आणला. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एक अमेरिका वसली, जिथं पोटासाठी कुणी काही करतच नाही. तिथला पोस्टमन धूमकेतू शोधतो. दाताचा डॉक्टर मुंग्यांवर ग्रंथ लिहितो. शेतकऱ्याची बायको सत्तरीत ब्रश हातात घेते आणि तिची चित्रं लोक भिंतीला लावतात. पेठेत कुणीही कसलीही तक्रार केली की आण्णांचं ठरलेलं वाक्य यायचं, "तिकडं ह्ये दूधवाला बी करतोय." गटार तुंबलं तरी हेच, आणि जावयानं फोन उचलला नाही तरी हेच.

"आपल्याकडं जत्रंला हौशे, नवशे, गवशे अशी तीन तऱ्हेची माणसं जात्यात," ते मला समजावून सांगत. "अमेरिकेत सर, निस्ते हौशे." मग एवढ्या मोठ्या देशात विमानं कोण बनवतं, असं विचारलं की म्हणत, "रविवार सोडून करत आस्तील की."

मग हा माणूस स्वतः काहीच का करत नव्हता? त्याचं कारण त्यांच्या नोकरीत होतं. आण्णांनी चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं त्यांच्या लाल पेन्सिलीखालून जायचं. चूक दिसली की त्यांना खाज सुटल्यासारखं व्हायचं. कोडोलीत एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो होतो. अक्षता हातात घेऊन मी उभा होतो, तेवढ्यात आण्णा मांडवातून गायब झाले. पाहतो तर ते स्टेजमागे मुलीच्या बापाला पत्रिका दाखवत होते. नवऱ्या मुलाच्या नावातला एक रफार पडला होता. मंगलाष्टकं चालू असताना तो बाप हात जोडून म्हणाला, "आता ऱ्हाऊ द्या पावणं, पोरगं त्येच हाय."

अशा माणसानं करवत हातात घ्यायची, तर कापायच्या आधीच त्याला वाकडं कापलेलं दिसतं. एखादी तरी वस्तू करून बघा, म्हणून मी मागं लागलो की आण्णा म्हणत, "आधी वाचून हुंदे." एकोणचाळीस पुस्तकं चार-चार वेळा वाचून झाली होती. वाचणं काही संपत नव्हतं.

त्यांनी हातानं केलेली गोष्ट एकच, पत्रं. प्रत्येक पुस्तकातल्या छपाईच्या चुकांची यादी करायची आणि ती नम्र इंग्रजीत अमेरिकेला पाठवायची. पन्नास वर्षांपूर्वीची पुस्तकं. प्रकाशक बुडाले, लेखक वारले. पत्रं कुठं जात, देव जाणे. आण्णांना त्याचं काही नव्हतं. चूक कळवणं हे त्यांचं काम होतं.

गेल्या दिवाळीनंतर मात्र एक उत्तर आलं.

आण्णा सकाळी माझ्या दारात उभे राहिले. हातात निळसर पाकीट, आणि चेहरा एखाद्याचा दाखला हरवल्यासारखा. सूर्यघड्याळं घरी कशी करावीत, या पुस्तकाच्या लेखकानं शेवटच्या पानावर आपल्या घरचा पत्ता दिला होता. लेखक बारा वर्षांपूर्वी वारला होता. बायको त्याच घरात होती. आण्णांनी त्रेसष्टाव्या पानावरची जी चूक कळवली होती, ती तिच्या नवऱ्यानं पुस्तक हातात आलं त्याच दिवशी लाल शाईनं दुरुस्त केली होती म्हणे, आणि मरेपर्यंत तो त्या एका अक्षरावरून चिडत होता. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाला ती दिसली नव्हती.

आण्णांनी पत्र मला वाचायला दिलं नाही, मजकूर तोंडी सांगितला. मी आनंदानं चहा टाकायला उठलो, तर म्हणाले, "बसा सर. घोटाळा झालाय."

घोटाळा असा, की चुकांची यादी नुसतीच कशी पाठवायची, म्हणून आण्णांनी पत्राच्या शेवटी एक वाक्य घातलं होतं. तुमच्या पुस्तकावरून सूर्यघड्याळ तयार केलं, उत्तम चालतं. आता बाई त्या घड्याळाचा फोटो मागत होती. नवऱ्याचं पुस्तक वाचून पृथ्वीच्या पाठीवर कुणी खरोखर काही केलं, हे तिला बघायचं होतं.

"चौतीस वर्षं दुसऱ्याच्या चुका काढल्या," आण्णा म्हणाले. "आन् सोता खोटं छापलं."

खरं कळवून टाका, असं मी सुचवलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. म्हातारीला तेवढंच एक कुणीतरी सापडलंय, म्हणाले. मग उठले आणि शहाबादी फरशी कुठं मिळेल, ते विचारू लागले.

त्यानंतरचे दीड महिने आमच्या गल्लीनं बरंच सोसलं. आण्णांच्या गच्चीवरून छिन्नीचा आवाज यायचा, मधूनच तो थांबायचा आणि मग पुस्तक उघडलं जायचं. उद्यमनगरातून पितळेचा त्रिकोण कापून आणला. फरशीवर रेघा आखल्या. पहिलं घड्याळ अगदी पुस्तकाबरहुकूम झालं, आणि ते दुपारी बरं चालायचं, पण सकाळ-संध्याकाळी भलतंच काहीतरी सांगायचं. आण्णांनी तीन दिवस माप तपासलं. छापलेलं चुकीचं असेल, हे मान्य. पण हे तर त्यांनी स्वतः चार वेळा तपासलेलं पुस्तक. शेवटी मला बोलावून त्यांनी हळूच विचारलं, सूर्य जरा हललाय का हो?

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच माझ्या भूगोलाला कुणी विचारलं होतं. मी सांगितलं, की पुस्तक त्या बाईच्या गावासाठी लिहिलंय. तिथून सूर्य तिरका दिसतो, आपल्याकडं तो डोक्यावर येतो. त्रिकोणाचा कोन आपल्या अक्षांशाएवढा हवा, तिथल्यासारखा चाळीसचा नव्हे, सतराच्या आतबाहेर. आण्णांनी पुस्तक मिटलं. "म्हंजे पुस्तक बी बरोबर, आन् आमी बी बरोबर, आन् घड्याळ चूक," ते म्हणाले. असा प्रकार त्यांच्या नोकरीत कधी आला नव्हता.

दुसरी फरशी आली. दुसरं घड्याळ चाललं, फक्त हातातल्या घड्याळापेक्षा अर्धा तास मागं. त्यात दोष नव्हता. आपली घड्याळं चालतात ती पार पूर्वेकडच्या वेळेवर. कोल्हापूरवर सूर्य येतो तो अर्धा तास उशिरानं. हे मी गच्चीत जमलेल्या मंडळींना समजावून सांगितलं. आण्णांच्या खाली राहणारे टेलर महादबा, ज्यांनी आयुष्यात एकही कपडा सांगितल्या वेळेला दिलेला नाही, ते मन लावून ऐकत होते. "व्हय की ओ," ते शेवटी म्हणाले, "म्हंजे मी येळंवरच हाय, गावच पुढं पळालंय." त्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांना गच्चीवर पाठवू लागले.

आकडे कोरायचं काम आण्णांनी कुणाला करू दिलं नाही. सकाळच्या सातापासून सुरुवात केली, एकेक आकडा दोन-दोन दिवस. शेवटच्या दिवशी मी वर गेलो, तर ते फरशीसमोर मांडी घालून बसले होते, छिन्नी बाजूला. चारनंतर त्यांनी पुन्हा चार कोरला होता.

मला वाटलं, आता तिसरी फरशी. आण्णांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, दुसऱ्या चाराभोवती गोल केला, बाहेर एक रेघ ओढली आणि रेघेच्या टोकाला पाच लिहिला. सुबक, वळणदार, छापखान्यातला पाच. मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "हौशी माणसाचं चालतंय." महादबांचं मत पडलं, की चारचा चहा दोनदा मिळणार असेल तर हरकत कुणाची?

फोटो काढायला रविवार ठरला. आण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस विंचरून घड्याळाशेजारी उभे राहिले. मी मोबाईल धरला. "थांबा," ते म्हणाले, आणि खिशातून ते निळसर पाकीट काढून त्यांनी पहिल्यांदाच माझ्या हातात दिलं. "शेवटचं वाचा."

शेवटी बाईनं लिहिलं होतं, की तुम्ही आणि तुमच्या पत्नीनं मिळून घड्याळ केलं, हे वाचून मला फार बरं वाटलं. आम्हीही असंच करायचो. तो आखायचा, मी धरायची. फोटोत दोघंही या.

शालनवहिनींना जाऊन सहा वर्षं झाली होती.

मी पत्राची घडी घालत राहिलो. आण्णा घड्याळाकडं बघत बोलत होते. पुस्तकं आणली तेव्हा ती होती. दर रविवारी एखादं उघडून बसायची. इंग्रजी येत नव्हतं, चित्रं बघायची. ह्ये करूया की, म्हणायची. या घड्याळाच्या चित्रावर तर बोटच ठेवून बसली होती. आपण म्हणालो, आधी वाचून हुंदे.

"पत्रात तेवढं लिवलं गेलं," ते म्हणाले. "आमी दोघांनी केलं म्हणून. लिवताना खोटं वाटलं न्हाय."

मी पत्र पाकिटात घालून परत दिलं. आता काय कळवणार, एवढंच विचारलं.

त्यावर आण्णांनी पूर्ण विचार केलेला होता. "फोटू तिनं काढला म्हणून लिवतो. काढणारं माणूस फोटूत कसं दिसंल?"

ते पुन्हा घड्याळाशेजारी जाऊन उभे राहिले, शर्ट खाली ओढला. मी मोबाईल वर केला. त्यांनी मुद्रित तपासावं तसं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि हातानं खाली, खाली अशी खूण केली.

"एवढी उंच नव्हती ती, सर."

मी गुडघ्यात वाकलो. आणखी थोडा वाकलो. आण्णा माझ्याकडं बघून हसले, तसे ते माझ्यासमोर कधी हसले नव्हते, आणि मी बटण दाबलं.