मागणी निरंक

कोणतीही वस्तू स्वच्छ ठेवायची तर ती कोणाला वापरू न देणं, हा एकच खात्रीचा उपाय आहे. बाकीच्या जगाला हे कळायचंय. धुळ्यातल्या एका मोठ्या कचेरीला (नाव सांगून कोणाची बदली करायची नाही) ते १९९३ सालीच कळलेलं होतं. तिथल्या महिला स्वच्छतागृहाने सलग तीन वर्षं स्वच्छतेची ढाल पटकावली. वापर निरंक, तक्रारी निरंक, स्वच्छता शंभर टक्के.

या कचेरीत बैठकीसाठी भागाबाई साक्रीपलीकडच्या खेड्यातून आल्या होत्या. राखीव जागेवर निवडून आलेल्या, समितीतल्या एकट्याच बाई. पहाटेची एस.टी. गाठायची म्हणून आदल्या संध्याकाळपासून त्यांनी पाणी तोंडाला लावलं नव्हतं (शहरात जाताना बायका हा उपास धरतातच; कोणत्याही देवाचा नसल्याने त्याला पुण्य नाही). पण आल्या आल्या चहा आला. खुद्द अध्यक्षांनी पुढे केलेला कप नको कसा म्हणायचा? मग उपाध्यक्षांचा आला. त्यांचाही मान ठेवावा लागला.

नववा विषय होता, बसस्थानकाजवळ महिलांसाठी स्वच्छतागृह. त्यावर बोलायला भागाबाई चार वाक्यं पाठ करून आल्या होत्या. परंतु तिसऱ्या विषयावरच, म्हणजे सभागृहाचे पडदे हिरवे असावेत की निळे यावर, सव्वादोन तास सांगोपांग चर्चा झाली. सहाव्या विषयाला भागाबाईंना घाम फुटला. आठव्याला त्या उठल्याच.

ढालविजेत्या दाराला हातभर कुलूप होतं. शेजारी स्टुलावर भटू शिपाई.

"अक्का, चावी साहेबकडे शे. साहेब जळगावले गयात."

"मंग आते मी कोठे जाऊ, भाऊ?"

"तीन वरीस झायात, एक बी बाई आत गयी नही," भटू अभिमानाने म्हणाला. "म्हनीसन तर साफ शे!"

"तुले मी घाण करनारी दिखस का रे?" भागाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. भटूलाही वाईट वाटलं. त्याने त्यांना बसायला स्टूल दिलं.

त्या दहा मिनिटांत परतल्या, तोवर नववा विषय निकालात निघाला होता. इतिवृत्तात नोंद झाली: 'चर्चेच्या वेळी एकही महिला उपस्थित नसल्याने महिलांची मागणी निरंक समजण्यात आली.' अध्यक्षांनाही हळहळ वाटली. त्यांनी चहा मागवला.

परतीची गाडी साडेपाचला. भागाबाई जवळच्या कॉलनीत शिरल्या. पण परक्या दारात जाऊन 'ते' मागायचं कसं? जीभ रेटेना. पाणी मात्र खान्देशात कोणाकडेही मागता येतं, आणि कोणी नाही म्हणत नाही. त्यांनी पाणी मागितलं. पहिल्या घरी पेलाभर मिळालं, दुसऱ्या घरी तांब्याभर. मागून घेतलेलं पाणी टाकायचं कसं, म्हणून त्या प्यायल्या. तिसऱ्या घरी तर पिऊन झाल्यावरही त्या उंबऱ्यावरून हलेनात. मोकळा तांब्या हातात धरून आतल्या न्हाणीघराच्या दाराकडे बघत राहिल्या.

ते घर तुमचं होतं. आठवत असेल तुम्हाला, कारण ही गोष्ट तुम्ही नंतर पाहुण्यारावळ्यांना कौतुकाने सांगितलीत. बिचारीची तहान भागली नाही हे तुम्ही नुसत्या नजरेवरून ओळखलंत, आणि तिने न मागताच तांब्या पुन्हा काठोकाठ भरून आणलात.