मांडवाच्या वाशावरची तार

नानांनी मला फसवलं. मुहूर्तमेढ म्हणून माझ्या वखारीतला सागाचा सरळ वासा नेला आणि त्याच्यावर रेडिओची तार चढवली.

डोक्यावर बांबू वाहून मी लोणावळ्यात वखार उभी केली. घासाघीस केल्याशिवाय मी काठीसुद्धा सोडत नाही. पण लग्नाच्या मेढीला भाव सांगू नये, ही आईची शिकवण. नाना आमच्या आळीतले, रेल्वेतून निवृत्त झालेले खलाशी. त्यांना हे ठाऊक होतं.

"सख्याचं लगीन हाय," म्हणाले. सख्या त्यांचा एकुलता एक, पलटणीत गेलेला.

"मेढीला एवढा लांब वासा?"

"मांडव उंच हाय, शेट."

मांडव काही दिसला नाही. दिसली ती तार. बंगला सोडून निघालेल्या एका साहेबानं नानांना बॅटरीवरचा जुना रेडिओ दिला होता, सोबत एरियलची गंजलेली तार. तिचा बांबू वाऱ्यानं मोडला, म्हणून माझा साग.

रेडिओची दुसरी तार जमिनीत पुरलेली. माती ओली असली की रेडिओ चांगलं ऐकतो, म्हणून नाना रोज आंघोळ झाली की तिथं तांब्या ओतायचे. लोक विचारायचे, "नाना, कळ्या आल्या का?" कावळे बसू नयेत म्हणून त्यांनी वर सिग्नलचं लाल निशाण बांधलं. "लाल दावलं की मेल थांबती, कावळा काय चीज हाय?" कावळा निशाणावरच बसू लागला.

शेजारच्या रखमा मावशीनं एकदा खांबाला ताणून धरणाऱ्या तणाव्यावर लुगडं वाळत घातलं.

"मावशे, तुज्या लुगड्यापायी आख्खी लाइन बंद."

"मंग तुजी लाइन माज्या दारावरनं कशापायी नेलीस?" असं म्हणून तिनं गोधडीही टाकली.

वारा सुटला की नाना शिडीवर. वाशाला लोखंडी पट्ट्या ठोकल्या, बुडाला डांबर फासलं, चारी बाजूंना तारेचे तणावे दिले. माझ्या मालाला असे खिळे ठोकलेले बघून माझं डोकं फिरलं. एका संध्याकाळी दोन हमाल घेऊन मी गेलो. भुशीकडून वारा भणाणत होता.

"नाना, खाली उतरा. वासा उपटून नेणार आहे."

"आदी त्यो तणावा धरा, शेट. सुटला तर तुमच्याच टाळक्यात बसंल."

धरला. त्यांची गाठ बघवेना. "अशी मारतात होय गाठ? सरका." मीच आवळली. हमालांनी बूड धरलं.

नाना उतरले आणि रेडिओपुढे बसले. "आता गप ऱ्हावा. नावं सांगत्यात."

सिंगापूरहून, पकडलेल्या शिपायांची नावं आणि गावं. सख्याची पलटण तिथंच होती; सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यापासून त्याचं पत्र नव्हतं. खरखरीतून एक एक नाव येत होतं. मग स्पष्ट आलं, "सखाराम". पुढचं वाऱ्यानं खाल्लं.

नाना माझ्याकडे वळले. "गाव काय म्हनला? तुमी ऐकलं का, शेट?"

मी ऐकलं नव्हतं. हमालांनीही नाही.

"मावळच म्हनला आसंल," नाना म्हणाले.

मग त्यांनी कंदील उचलून मला वाशाच्या बुडाशी नेलं. डांबराच्या वर हळदकुंकू होतं, आंब्याचा डहाळा वाळून काळा झालेला. "मेढच हाय ती. खोटं न्हाई बोललो. बेडशाची नवरीकडची मंडळी पोरीला घेऊन थांबल्यात. नवरदेव कुटं हाय, येवडंच ऐकायचंय."

मी हमालांना परत पाठवलं.

लढाई संपली. पलटणीतली पोरं स्टेशनावर उतरली. नाना प्रत्येक गाडीला उभे. शेवटी बेडशाची मंडळी हात जोडून आली. नानांनी रखमा मावशीला सांगून पोरीची ओटी भरवली आणि तिला मोकळं केलं. आता रेडिओची बॅटरी मेली आहे. तरी वारा सुटला की नाना शिडी लावतात, आणि मी खालून तणावा धरतो.

पलटणीच्या कचेरीत विचारलं तर कागदावर एकच शब्द आला: बेपत्ता. माझ्या वखारीतून काडी गेली तरी कुणाला दिली हे मी सांगू शकतो. तळेगावच्या बाजारात भरतीला छाती मोजून, दात बघून ज्यांनी सख्याला नेलं, त्यांनी कागद पाठवू नये. नानांच्या दारात उभं राहावं आणि पोरगा कुठं टाकला ते तोंडानं सांगावं.