पाय आत घ्या!

अपघात होतात ते नियम न पाळणाऱ्यांचे, असं जावयाने सकाळीच जाहीर करून टाकलं. आपण सगळे नियम पाळतो. त्यामुळे सासूबाईंचं लोखंडी कपाट दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत इतकं अलगद उतरेल, की आतल्या हँगरलासुद्धा घर बदलल्याचं कळणार नाही!

कपाट हे निमित्त होतं. खरा प्रश्न सासऱ्यांचा होता. जावयाने बँकेतली नोकरी सोडून ट्रकवरची क्रेन घेतली, तेव्हापासून सासरे त्याच्याशी थेट बोलत नव्हते. भांडण अजिबात नव्हतं. ते लेकीमार्फत बोलत, एवढंच. "त्यांना विचार, चहा घेणार का." समोरच बसलेला जावई म्हणे, "घेईन की." मग सासरे लेकीकडे बघत, ती "हो म्हणतायत" असं कळवी, आणि तेव्हाच चहा मंजूर होई. आज नव्या घराच्या जिन्यात कपाट वळेना, म्हणून नाइलाजाने क्रेनची आठवण झाली होती. सासरे खुर्ची टाकून इमारतीसमोर बसले होते. त्यांच्या तोंडून एक वाक्य थेट आपल्याकडे आलं, तरी जावयाला ते बँकेतल्या बढतीहून मोठं वाटणार होतं.

"पाच टन लिहिलंय की हिच्यावर," सासूबाई म्हणाल्या. "मग कपाट भरलेलंच जाऊ दे."

"आई, ते पाच टन ट्रकच्या कुशीत. हात लांब केला की ताकद उतरते. भरलेली बादली पोटाशी धरा, मग हात ताठ करून धरून बघा. दुसऱ्या मजल्यापर्यंत हिचा हात लांबवला, तर जेमतेम अर्धा टन."

"अगंबाई! मग पाच कशाला लिहायचे?"

"स्थळ सुचवताना सांगतात ना, तसं असतं ते," बायको म्हणाली.

जावयाने कपाट उघडायला लावलं. त्यातून शिलाई मशीन निघालं, दोन इस्त्र्या निघाल्या, मेव्हण्याचे व्यायामाचे डंबेल्स निघाले.

"तुम्ही तर रिकामं म्हणाला होतात!"

"रिकामंच आहे. हे आमचं नेहमीचं आतलं."

कपाट खरोखर रिकामं झाल्यावर जावयाने बायकोला धडा दिला. क्रेनचा तो हात. आणि ट्रकच्या दोन्ही बाजूंनी बाहेर सरकून जमिनीवर घट्ट टेकतात, ते पाय. नुसत्या चाकांवर वजन तोलायचं म्हणजे गादीवर उभं राहून पंखा पुसायचा. म्हणून आधी पाय बाहेर, मग बाकीचं.

"आणि सूचना एकच माणूस देणार. चार जण ओरडले की संपलं. मी फक्त तुझं ऐकणार."

"घरी कधी ऐकलंत?"

"घरी माझ्या हातात वजन नसतं."

"बरं. पण मग उलट विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

"पाय बाहेर काढा!" बायको कडाडली. पाय बाहेर आले. आपल्या शब्दासरशी एवढं लोखंड हलतं, हे तिला मनापासून आवडलेलं दिसलं.

कामाच्या जागेभोवती जावयाने दोरी बांधली. दोरीच्या आत कुणी यायचं नाही! सासूबाई कपाटाची जागा दाखवायला वर गॅलरीत गेल्या. सासऱ्यांची खुर्ची त्याने स्वतः मोजूनमापून बाहेर ठेवली. मग तो ट्रकच्या कडेला, क्रेनचे हात-पाय हलवणाऱ्या दांड्यांपाशी उभा राहिला.

"वर! हळू! अजून वर!"

कपाट उठलं. पहिल्या मजल्याची गॅलरी त्याने शांतपणे मागे टाकली. सासऱ्यांनी हाताची घडी सोडली. जावयाच्या तिरक्या नजरेने ते टिपलं, आणि त्याची छाती रुंद झाली.

त्याच सुमारास बायकोने खाली पाहिलं. सासऱ्यांची खुर्ची दोरीबाहेर होती. पण सासरे उंच होते, आणि त्यांचे पाय दोरीखालून चांगले पुढे पसरले होते.

"पाय आत घ्या!" ती ओरडली.

ती वडिलांना अहो-जाहो करी, आणि नवऱ्यालाही. आदरार्थी बहुवचनाने त्या घरात आजवर कुणाचं नुकसान केलेलं नव्हतं.

जावई क्षणभर थबकला. वजन वर असताना पाय आत घ्यायचे नसतात, हे त्याने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण उलट विचारायचं नाही, असं ठरलं होतं. शिवाय तो आवाज. त्या आवाजाने त्याने गॅस बंद केला होता, नळ बंद केले होते, आणि एकदा स्वतःचं बरोबर असताना माफीही मागितली होती. हात आपोआप दांड्यावर गेला.

इमारतीकडचा पाय जमिनीवरून उचलला गेला. ट्रकने एक खोल उसासा टाकला आणि तो आदबीने इमारतीकडे झुकला. पलीकडची चाकं अधांतरी झाली. कपाट खाली आलं, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत तिरकं शिरलं, कठडा वाकवला, वाळत घातलेली चादर अंगावर घेतली आणि थांबलं. जावयाने जिवाच्या आकांताने दांडा उलटा फिरवला. पाय टेकला, चाकं धपकन खाली आली.

पहिल्या मजल्यावरच्या बाई आतून दारात आल्या. त्यांनी चादर पांघरलेल्या कपाटाकडे पाहिलं.

"आम्ही काही मागवलं नव्हतं!"

"आमचं आहे ते!" वरून सासूबाई म्हणाल्या. "जपून हं, आरसा आहे त्याला!"

"अहो, काय केलंत हे!" बायको किंचाळली.

"तूच म्हणालीस, पाय आत घ्या!"

"तुमचे नाही! बाबांचे!"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. ज्यांना सांगितलं होतं, त्यांचे पाय होते तिथेच होते.

"बाबा! तुम्ही का नाही घेतलेत?"

सासऱ्यांनी लेकीकडे पाहिलं नाही. ती मध्ये उभी होती. तिला त्यांनी हाताने जरा बाजूला सारलं आणि सरळ जावयाच्या डोळ्यांत पाहिलं.

"मला वाटलं, ती तुम्हाला सांगतेय."

"मलाही तसंच वाटलं, बाबा," जावई म्हणाला.

"मग तुमचा काय इलाज होता!" सासरे म्हणाले, आणि लेक अजून बघतेय असं दिसताच त्यांनी सावकाश पाय आत घेतले.