वारंगबाईंचं सुतक

गेल्या गणपतीत आमच्या घरी आरती चालू असताना वारंगकाका उंबऱ्याबाहेर उभे होते. एरवी मोदकाचा वास आला की चौथ्या मजल्यावरून चप्पल न घालता उतरणारा माणूस. मी हाक मारली, "काका, आत या की!"

"नको रे परब. मला सुतक आहे."

बायकोने टाळ्या थांबवल्या. मी हातातलं तबक पोराकडे दिलं आणि बाहेर आलो. "अरेरे. कोण गेलं?"

"वारंगबाई."

"कुठल्या?"

"पान एकशे ऐंशीवर गेल्या," काका म्हणाले आणि त्यांनी रुमालाने चष्मा पुसला.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत वेडे बरेच आहेत, पण कादंबरीतल्या बाईचं दहा दिवस सुतक पाळणारे एकटे वारंगकाकाच. वय बहात्तर. टपालखात्यातून निवृत्त. लग्न नाही. सकाळी वाचनालय, दुपारी वाचन, आणि संध्याकाळी माझ्या दुकानातल्या विकायच्या सोफ्यावर बसून तपास. तपास हा त्यांचाच शब्द. एका गोष्टीतला सावंत आणि दुसऱ्या गोष्टीतला सावंत एकमेकांचे कोण, याचा तपास. आडनाव जुळलं की काका पेन्सिल काढतात आणि नातं लावून मोकळे होतात. एका रहस्यकथेतल्या खुनी राण्याला त्यांनी एका विनोदी नाटकातल्या राण्याचा मेहुणा ठरवायला घेतलं होतं. मेहुण्याचं आडनाव वेगळं असतं, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी त्याला चुलत भाऊ केलं.

"लेखक तसं कुठे म्हणतोय?" मी विचारायचो.

"नाही असं तरी कुठे म्हणतोय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

या विषयावर माझं डोकं फिरतं, त्याला कारण आहे. मी खांद्यावर फोमचे तुकडे टाकून दारोदार सोफे दुरुस्त करत फिरलो, तेव्हा कुठे 'परब सोफा' ही पाटी लागली. तीन वर्षांपूर्वी रस्त्याच्या पलीकडे एकाने 'न्यू परब सोफा' उघडलं. हा परब कोण, कुठला, मला माहीत नाही. पण गिऱ्हाईक माझ्याकडे येतं, माझ्या सोफ्यावर उड्या मारतं आणि म्हणतं, "तुमच्या भावाने याहून कमी सांगितलं." भाऊ! मी काकांना दहादा सांगितलं, आडनाव म्हणजे पाटी. कुणीही रंगवून घेतो. नातं म्हणाल तर गाव विचारा, देव विचारा, सुतक येतं का विचारा.

"म्हणूनच बाईंचं सुतक पाळलं," काका शांतपणे म्हणाले.

या वारंगबाई म्हणजे एका कादंबरीतल्या म्हाताऱ्या शिक्षिका. चाळीतल्या खोलीत एकट्याच जातात. शेजारी वर्गणी काढून त्यांना पोचवतात आणि धडा संपतो. काकांना ते सहन होईना. त्याच लेखिकेच्या पुढच्या कादंबरीत बोरिवलीचा हेमंत वारंग नावाचा इंजिनियर आहे. काकांच्या मते तो बाईंचा सख्खा पुतण्या.

"पुरावा?"

"दोघांनाही एकदम तीन शिंका येतात."

"आमच्या वॉचमनलाही येतात, काका!"

"त्याचं आडनाव वारंग नाही," काका म्हणाले.

दिवाळीनंतर ती लेखिका आमच्या वाचनालयाच्या सभागृहात आली. काका इस्त्रीचा सदरा घालून दुपारीच दुकानात हजर. "परब, तू चल. मला लोकांसमोर बोलायची सवय नाही." मी शटर ओढलं आणि गेलो.

प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर काका उठले. हातात चिठ्ठी. "बाई, वारंगबाईंना हेमंत होता ना? पुतण्या? म्हणजे त्या गेल्या तेव्हा कुणीतरी होतं ना?"

लेखिका चांगली बाई होती. समजुतीने म्हणाली, "नाही हो, आजोबा. दोन्ही वेळा जे आडनाव सुचलं ते लिहिलं. त्यांचं काही नातं नाही."

सभागृह हसलं. कुणीतरी मागून म्हणालं, "आजोबा, अर्ज करा, वारसदार मिळेल!" काका बसले. चिठ्ठीची घडी घालायला लागले, आणि ती आधीच इतकी बारीक होती की घडी पडेना.

मी उभा राहिलो. आयुष्यभर मी घासाघिशीशिवाय दुसरं केलंय काय?

"बाई, सख्खा राहू दे. चुलत पुतण्या द्या."

"अहो, पण..."

"मामेभाऊ मी मागतच नाही, आडनाव बदलतं. चुलत जमत नसेल तर भाऊबंद द्या. नुसता भाऊबंद. तीन दिवसांच्या सुतकाचा."

"पण मी तसं लिहिलेलंच नाही!"

"नाही असं तरी कुठे लिहिलंय?" मी ओरडलो. आणि हे वाक्य माझं नाही, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

लोक अजून हसत होते. बाई हसत नव्हत्या. त्या काकांकडे बघत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या. "भाऊबंद. लांबचे."

एवढ्यावर सोडणारा मी नव्हे. सौदा ठरला की वर दोन उशा मागायच्याच असतात. "मग बाई गेल्यावर तो आला का?"

लेखिका म्हणाली, "उशिरा कळलं त्याला. पण आला. दहाव्याला आला."

हसणं थांबलं. काकांनी मान डोलवली.

परत येताना काका नाक्यावर म्हणाले, "मला अनाथाश्रमात सोडलं ना, त्या दिवशी नोंद करणारा जो कारकून होता तो वारंग. त्याने आपलंच आडनाव घातलं." असं म्हणाले, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगताहेत. "तरुणपणी टेलिफोनच्या जाड पुस्तकातून सगळे वारंग काढले. कुर्ला, वांद्रे, अंधेरी. एकेका रविवारी एकेकाकडे गेलो."

"मग?"

"चांगली माणसं. सगळ्यांनी चहा दिला. पण पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच. गाव कुठलं?"

"तुम्ही काय सांगायचात?"

"चहा संपवायचो आणि उठायचो."

घासाघीस न करता मी आजवर कुणाला काही दिलेलं नाही. "आमचं सांगा," मी म्हणालो. "शिरवली. तालुका देवगड."

काका दिव्याखाली थांबले. खिशातून पेन्सिल काढली. "वाडी?"

"खालची."

"घर कुठलं म्हणून विचारलं तर?"

"विहिरीला लागून. परबांच्या शेजारचं."

त्यांनी सावकाश लिहून घेतलं, ओठ हलवत एकदा वाचलं. मग वर बघून विचारलं, "पाणी कसं आहे रे, विहिरीचं?"

"गोड आहे, काका."

त्यांनी तेही लिहून घेतलं.