मान हलवण्यापुरते इंग्रजी

समाजात माणसाची उंची त्याला किती कळते यावर ठरत नाही. त्याचे बोलणे इतरांना किती कळत नाही, यावर ठरते. हे सत्य सर्वांना ठाऊक असले, तरी त्याचा पद्धतशीर अभ्यास लॉंड्रीच्या वर, पहिल्या मजल्यावर भरणाऱ्या इंग्रजी शब्दसंपदा वर्गाखेरीज अन्यत्र झालेला नाही. (जिन्यात इस्त्रीची वाफ साचते. त्यामुळे विद्यार्थी वर्गात पोचतात तेच घामाघूम आणि गंभीर होऊन.)

या वर्गाचा सर्वांत होतकरू विद्यार्थी पाइपच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. वय पन्नाशीला टेकलेले, घरी बायको आणि म्हातारी आई. नवे मॅनेजर आल्यापासून कारखान्यातल्या मीटिंगा इंग्रजीत होऊ लागल्या होत्या आणि तिथे तो कोपऱ्यातल्या कपाटासारखा उभा असे. म्हणून त्याने वर्गात नाव घातले.

वर्गात शब्दांचे दोन विभाग होते. पहिला विद्वत्तेचा: हायपोथेसिस, नेव्हरदलेस, युबिक्विटस आणि सर्वांत वरच्या पायरीवर कॉन्ट्रिव्हॅलन्स. दुसरा रोजच्या वापराचा. त्यात गिळणे, मुरगळणे, अर्धा, आडवा, सैल यांना इंग्रजीत जे काही म्हणत असतील ते. दुसऱ्या विभागाचाही तास ठेवलेला होता, पण बाके रिकामी राहत. 'सैल' म्हणून आजवर कोणाला बढती मिळाली आहे?

नियम एकच, पण कडक. शिकलेला शब्द दिवस मावळायच्या आत जिवंत माणसावर वापरायचा. आरशावर, झाडावर किंवा झोपलेल्या माणसावर केलेला प्रयोग धरला जात नसे. अर्थ विचारणे शिष्टाचाराला सोडून होते. सरांच्या मते अर्थामुळे शब्दाचा वेग कमी होतो. वर्गाच्या पाहणीनुसार शब्द कानी पडताच शंभरातली ऐंशी माणसे मान हलवतात, पंधरा 'अगदी बरोबर' म्हणतात आणि पाच घड्याळ बघतात. 'म्हणजे काय?' असे विचारणारा पाहणीत आढळला नाही. (कारखान्याच्या वॉचमनने एकदा विचारले होते, पण तो फोनवर दुसऱ्याच कोणाशी बोलत होता.)

स्टोअरकीपरची प्रगती डोळे दिपवणारी होती. साठ्यात पाइप कमी भरले तेव्हा त्याने मॅनेजरना 'नेव्हरदलेस' एवढेच सुनावले आणि चौकशी जागच्या जागी थांबली. मेहुण्यावर 'युबिक्विटस' टाकल्यापासून मेहुणा जेवायला येण्याआधी फोन करू लागला. बायकोवर मात्र कोणताच प्रयोग लागू पडेना. "जाताना पिशवी घेऊन जा," एवढेच ती म्हणे.

अशा भरभराटीत आईला चक्कर येऊ लागली. ती भिंतीला धरून चालायची आणि एकदा उंबऱ्याशी पडता पडता वाचली. तो मनातून फार घाबरला. घाबरलेला माणूस हाताशी असेल ते हत्यार उचलतो, आणि याच्या हाताशी शब्द होते.

डॉक्टरांनी सुरुवात साध्या भाषेत केली होती. "आजी, उठताना फिरल्यासारखं होतं का?" आई तोंड उघडणार, इतक्यात तो पुढे होऊन म्हणाला, "डॉक्टर, देअर इज कॉन्ट्रिव्हॅलन्स."

डॉक्टरांनी मान हलवली, खुर्ची सरसावली आणि पुढचे सगळे इंग्रजीत सांगितले. शब्द झाडून दुसऱ्या विभागातले होते. त्याने वाक्यागणिक मान हलवली. 'ओल्ड' एवढा एकच शब्द हाती लागला; तो आईच्या वयाबद्दल असावा, असे समजून तिथे त्याने मान जरा खेदाने हलवली. पुढे औषधाच्या दुकानदाराने "कसं घ्यायचं ते डॉक्टरांनी सांगितलंय ना?" असे विचारले, तिथेही मानेवरच भागले.

घरी आल्यावर आईने रक्तदाबाच्या जुन्या आणि नव्या गोळ्यांची पाकिटे मांडीवर घेतली.

"काय म्हणाले रे डॉक्टर?"

"सविस्तर म्हणाले."

"मग ही जुनीबरोबरच घेऊ ना? अख्खी का अर्धी?"

सवयीने त्याने मान हलवली.

"बरं बाई. तू एवढा शिकतोयस, तुला कळलं म्हणजे झालं," असे म्हणून आईने दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या आणि पाण्याचा पेला उचलला. त्या विश्वासाने त्याला स्वतःची लाज वाटली.

"थांब आई. काही घेऊ नकोस. आलोच मी."

दवाखान्यापर्यंत तो वाक्य घोकत गेला. आजवर शिकलेल्या कोणत्याही शब्दापेक्षा ते उच्चारायला अवघड होते. डॉक्टरांसमोर उभा राहून त्याने ते एका दमात म्हटले, "डॉक्टर, मघाशी मला काहीच कळलं नाही."

डॉक्टर मागे टेकून बसले. "जुन्या गोळ्या आजपासून बंद. दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तदाब एकदम खाली येईल, आजी कोसळतील. नवी गोळी अर्धी, सकाळी काही खाल्ल्यावर, पाण्याबरोबर गिळायची."

त्याने तिथूनच बायकोला फोन लावून सगळे शब्दशः सांगितले. "एवढंच?" ती म्हणाली. "मग येताना भाजी आणा. पिशवी नसेलच नेली." त्याला इतके हलके वाटले की तो खुर्चीत बसूनच राहिला.

डॉक्टरांनी उठून दार लोटून घेतले. "आता तुम्ही खरं बोललातच, तर मीही विचारतो. ते कॉन्ट्रिव्हॅलन्स म्हणजे काय हो? मी डिक्शनरी पालथी घातली, सापडला नाही."

"माहीत नाही. आमच्या सरांनी दिलाय. तुम्ही तर मान हलवलीत."

"मग काय करणार?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही गेल्यावर मी तो शेजारच्या एका सर्जनवर वापरून पाहिला."

"मग?"

"त्यांनीही हलवली."

सरांकडे चौकशी केली असता, तो शब्द आपल्याला आपल्या सरांनी दिला आणि अर्थ विचारायची तेव्हाही पद्धत नव्हती, असे समजले. एवंच, कॉन्ट्रिव्हॅलन्स हा शब्द इंग्रजीत नाही. आई बरी आहे आणि भिंत सोडून चालते. (प्रस्तुत लेखकाने तो शब्द संपादकांवर वापरून पाहिला होता. कथा त्यानंतरच स्वीकारली गेली.)

वाचकांच्या नजरेखालून हा शब्द या कथेत पहिल्यांदा गेला तो वर्गातल्या विद्वत्तेच्या विभागात, सर्वांत वरच्या पायरीवर. तिथे थांबून अर्थ विचारल्याचे एकाही वाचकाचे पत्र अद्याप आलेले नाही. त्यांनी मान हलवल्याची वर्गाच्या पाहणीत रीतसर नोंद घेण्यात आली आहे.