ताडपत्रीखाली काय आहे?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बिघडलेली वस्तू माझ्या हातात आली की ती सुधारतेच! आमच्या सरोवराकाठच्या म्बिटा गावाच्या बाजारात कुणालाही विचारा, ओगुटू रेडिओवाला कोण? रेडिओ, मोबाइल, इस्त्री, पंखा, काहीही आणा. पाद्रीबुवांचा भोंगा तर मी असा दुरुस्त केला, की आता तो बंदच होत नाही!

त्यामुळे सरोवराच्या काठी लव्हाळ्यात ती जुनी फायबरची मासेमारीची होडी पालथी पडलेली दिसली, आणि तिच्या फुटक्या बुडातून एका हॉटेलवाल्याच्या कोंबड्या ऐटीत ये-जा करताना दिसल्या, तेव्हा मी मनात म्हटलं, ओगुटू, हिला तूच हवास! हॉटेलवाल्याला कोंबड्यांसाठी नवं खुराडं ठोकून दिलं. होडी माझी झाली.

अडचण एकच. माझी बायको, अकेयो. मागे मी एक मेलेला फ्रीज घरी आणला होता, तेव्हा अंगणात कमरेवर हात ठेवून ती म्हणाली होती, "आटिएनोचे बाबा, यापुढे एक जरी मोडकी वस्तू या फाटकातून आत आली, तर मी माहेरी!"

म्हणून ती चर्चच्या बायकांबरोबर बाहेर गेलेली पाहून होडी आणली, मागच्या रिकाम्या गोठ्यात ठेवली आणि वर निळी ताडपत्री घातली. तरी तिने आल्या आल्या विचारलंच.

"ते काय आहे?"

"हॉटेलवाल्याची पाण्याची टाकी. गळते."

"एवढी लांब टाकी?"

"हॉटेलही लांबच आहे ना!"

ताडपत्रीकडे एकदा बघून ती घरात निघून गेली. अकेयो बोलली नाही की समजावं, आत काहीतरी शिजायला लागलं.

माझा बेत मात्र चांगला होता हो! माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ओडुंडोकाका, छातीच्या औषधासाठी पलीकडच्या बेटावरून आमच्याकडे राहायला आले होते. आमच्या घराण्यात काकांचा शब्द शेवटचा. येताना दाटीवाटीच्या बोटीत त्यांना कोळशाच्या पोत्यावर बसून यावं लागलं, आणि ते दुःख ते दर जेवणाला उगाळत. मी ठरवलं, काकांना परत सोडायचं ते आपल्या होडीतून, पाठ टेकायच्या खास बैठकीवर! पण आधी कुणालाही सांगायचं नाही. एकदम चकित करायचं!

कामाला लागलो. दुपारी दुकान बंद करून गोठ्यात घुसायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि ग्राइंडरने जुना थर घासायचा. बाहेर पडलो की पिठाच्या गिरणीत झोपलेल्या भुतासारखा दिसायचो. फायबरची ती धूळ म्हणजे काचेची कुसळं! अंगाला लागली की खाजकुइली परवडली. आणि वारा नेमका गोठ्यावरून कपडे वाळत घातलेल्या दोरीकडे वाहत होता. दोरीवर होती काकांची चादर आणि अकेयोच्या गानमंडळाचे पांढरे झगे.

रविवारी प्रार्थनेत गानमंडळ उभं राहिलं. पहिल्या कडव्याला एक बाई मान खाजवायला लागली. दुसऱ्या कडव्याला सगळी रांग वळवळायला लागली. पाद्रीबुवांना वाटलं, पवित्र आत्मा उतरला! ते आनंदाने ओरडले, "अजून! अजून!" बायका खरंच अजून नाचायला लागल्या.

घरी काकाही रात्रभर तळमळून उठले होते. "ओगुटू, या घरात कुणीतरी माझ्यावर काहीतरी केलंय," ते म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

पुढची पंचाईत अॅसिटोनची. फायबर जोडायच्या चिकट रेझिनचे ब्रश धुवायला ते लागतंच, आणि बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातलं संपलं होतं. पण मी हरणारा माणूस नाही! नखांचं पॉलिश काढायच्या बाटलीतही तेच असतं. मिल्काच्या ब्यूटी पार्लरमध्ये गेलो. मग रोजच जायला लागलो.

अकेयोने माझा शर्ट धुवायला घेतला आणि नाकाशी धरला.

"हा कसला वास?"

"टाकीचा."

"टाकीला नेलपॉलिशचा वास येतो?"

"नवीन पद्धतीची टाकी आहे."

"आणि हातावर हे ओरखडे?"

"खाजवले."

"कुणी?"

मी हसलो. अशा वेळी हसू नये, हे मला तेव्हा कळलं.

मग बैठकीसाठी काकांचं माप हवं होतं. काका आंब्याखाली खुर्चीत पेंगत होते. मी हळूच टेप लावली. डोक्यापासून टाचेपर्यंत. मग या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. काकांनी एक डोळा उघडला.

"काय चाललंय?"

"काही नाही काका. तुमच्या खांद्यांची रुंदी बघत होतो."

"कशाला?"

"कळेल हो! थोड्याच दिवसांत सगळ्यांना कळेल. तुम्ही काळजी करू नका, लाकूड चांगलं वापरतोय."

त्या संध्याकाळपासून काकांनी माझ्याआधी घास घेणं सोडलं. मासे आणि मक्याच्या पिठाच्या उगालीचं ताट पुढे ठेवलं की म्हणायचे, "आधी तू खा." मी खायचो. ते मला न्याहाळत थांबायचे. मी जिवंत आहे हे नीट पाहून मगच घास तोडायचे. मला वाटलं, म्हातारपणी माया वाढते!

एके दिवशी रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर जरा जास्त पडला. डबा तापून धूर ओकायला लागला, मी तो उचलून अंगणात पळालो. शेजारचा ओटुओमा कुंपणावरून वाकून बघत होता. त्याच्या हातात रिकामा पेला.

"ओगुटूदादा, एकटाच गाळतोस होय? शेजारधर्म आहे की नाही?"

"अरे, ही दारू नाही!"

"मलाही नाही सांगणार? बरं. मग कुणालाच नाही ना सांगायचं?" असं म्हणून त्याने डोळा मारला. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी पेले घेऊन पाच-सहा जण उभे!

आता मुख्य प्रसंग. होडीचं काम संपत आलं होतं. बैठकीच्या फळीखालची जागा घासायची राहिली होती, म्हणून मी होडीत उताणा पडलो. धूळ जाऊ नये म्हणून डोळे मिटलेले, अंग पांढरंफटक. फळीला हात लावून स्वतःशीच म्हणालो, "वा! काका यात अगदी आरामात मावतील!"

गोठ्याच्या फटीतून काका बघत होते.

त्यांनी तिथूनच बेटावर मुलाला फोन लावला. त्यांचा फोन आदल्याच आठवड्यात मी दुरुस्त केला होता, त्यामुळे पलीकडे प्रत्येक वाक्याचे तुकडेच पोचले. काका ओरडत होते, "ओगुटूने माझी शवपेटी बनवली आहे आणि मी अजून जिवंत आहे! लवकर या!" तिकडे ऐकू आलं, "ओगुटू... शवपेटी... लवकर या!" आणि फोन कायमचा बंद पडला. तिकडे वाटलं, काका गेले आणि त्यांच्या फोनवरून ओगुटूच कळवतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या फाटकातून आक्रोश आत शिरला. मागून भाऊबंद, प्लास्टिकच्या खुर्च्या, मांडवाचे बांबू, भाड्याचे स्पीकर आणि मयताच्या जेवणासाठी एक बैल! सगळ्यांच्या पुढे आमची फेलिडाआत्या छाती पिटत होती, "आमचा सिंह गेला हो!"

काका आंब्यामागे चहा पीत होते. रडणं ऐकून लगबगीने आले.

"कोण गेलं, फेलिडा?"

"ओडुंडो गेला!" आत्याने पदरात तोंड खुपसलं.

"अरेरे! कधी?"

"कालच!"

"भला माणूस होता," काका गहिवरून म्हणाले. मग थबकले. "कुठला ओडुंडो?"

आत्याने पदर बाजूला केला, वर पाहिलं, आणि खुर्च्यांच्या चळतीसकट खाली गेली!

एकच गोंधळ. काकांनी काठी माझ्याकडे रोखली. "हा! ह्याने झोपेत माझं माप घेतलं! माझ्या अन्नावर ह्याचा डोळा! माझी पेटी त्या गोठ्यात तयार आहे!"

शंभर डोळे माझ्याकडे वळले. मी तोंड उघडणार, तोच फाटकातून अकेयो आली, मिल्काचा हात घट्ट धरून.

"बरं झालं सगळे आहात! सांग गं, सगळ्यांसमोर सांग, हा तुझ्याकडे रोज कशाला येतो?"

"बाई, बाटल्या न्यायला येतो!" मिल्का हात सोडवत ओरडली. "माझ्या गिऱ्हाइकांची नखं पुसायला थेंब उरला नाही! मीच तुला विचारणार होते, तुमच्या घरात एवढी नखं आहेत तरी कुणाची?"

मी सरळ गोठ्याकडे गेलो आणि ताडपत्री ओढली.

पांढरी होडी. काठाला निळा पट्टा. मधोमध पाठ टेकायची रुंद बैठक.

"काका, ही पेटी नाही. तुम्हाला घरी सोडायला होडी केली. माप त्या बैठकीसाठी घेतलं. परत कोळशाच्या पोत्यावर बसायला लागू नये म्हणून."

काका जवळ आले. बुडावर काठीने टकटक केलं. मग कुणाचाही हात न धरता आत चढले, बसले आणि पाठ टेकली. फळीवरून तळवा फिरवला.

"बैठकीची पाठ जरा ताठ झालीय," ते शेवटी म्हणाले आणि बाहीने डोळे पुसले.

अकेयो माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "टाकी?"

"थोडी लांब झाली," मी म्हणालो.

तिने ओठ दाबले, पण खांदे हलायला लागले. ती हसत होती!

एवढी खांदेकरी मंडळी आयती जमलेली. त्यांनी होडी उचलली ती काकांसकट! स्पीकर पुढे, बैल मागे, मधे भजनं. रस्त्यावर लोकांनी मिरवणूक पाहून टोप्या काढल्या, माना झुकवल्या, आणि वरून खुद्द काकांनी त्यांना हात हलवला. एक सायकलवाला सरळ गटारात गेला!

होडी पाण्यात उतरली आणि तरंगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका राजासारखे घरी पोचले.

तुम्हाला वाटेल, संशय फिटला. छे! अकेयो म्हणाली, "आता तुमच्याकडे होडी आहे. म्हणजे तुम्ही आता कुठेही जाऊ शकता." तेव्हापासून मी मासे धरायला निघालो की ती माझ्याआधी होडीत, काकांच्या बैठकीवर! गळ तीच टाकते, आणि थोरले थोरले मासे तिलाच लागतात. काठावर लोक विचारतात, "ओगुटू, मग तू होडीत करतोस काय?"

मी ऐटीत सांगतो, "होडीची सगळी जबाबदारी माझ्यावर असते!"

म्हणजे काय, एक डबा घेऊन मागे बसायचं आणि आत झिरपणारं पाणी उपसत राहायचं.