एक हजार चारशे बारा वेळा मान्य

संगणक चालवणाऱ्यापेक्षा संगणकावर काय चालवायचं हे ठरवणारा माणूस श्रेष्ठ असतो, आणि त्याच्यापेक्षा श्रेष्ठ असतं ते त्याचं प्रमाणपत्र. सहा मजल्यांच्या त्या कार्यालयाला ही गोष्ट उशिरा कळली, पण कळली ती परिपत्रकासकट.

तोवर हे काम पेनड्राइव्हकाका करत होते. नवं सॉफ्टवेअर आलं की ते पेनड्राइव्ह गळ्यात अडकवून तळमजल्यापासून निघायचे, आणि सहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याच सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आलेली असायची. मग ते पुन्हा तळमजल्यावर. एकोणीस वर्षं हे सुरळीत चाललं होतं. या पद्धतीत दोष एकच होता, तिला नाव नव्हतं. आणि नाव नसलेल्या गोष्टीचा अहवाल लिहिता येत नाही, हे नव्या संचालकांनी पहिल्याच आठवड्यात ताडलं. यापुढे सॉफ्टवेअरचं 'पॅकेज' होईल, ते एका जागेवरून सर्व संगणकांवर 'डिप्लॉय' होईल, आणि हे काम फक्त प्रमाणपत्रधारक करील, असं ठरलं. तीन महिन्यांत परीक्षा पास न झाल्यास काकांची बदली सामान भांडारात. तिथे त्यांनी खडू सांभाळायचे होते. (कार्यालयात फळा नव्हता. खडू होते.)

पुस्तक नऊशे पानांचं होतं. काकांची बायको घरी शिवणकाम करायची. ती कापडावर खुणा करता करता त्यांना प्रश्न विचारायची आणि काका उत्तरं घोकायचे: मूळ प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या फायली, तो बसवण्याची आज्ञा, काढून टाकण्याची आज्ञा आणि वापरणाऱ्याने मान्य करायच्या अटी, हे सगळं एका गाठोड्यात बांधलं की त्याला पॅकेज म्हणतात. बायको म्हणाली, म्हणजे मी कापड, अस्तर, बटणं आणि मापाची चिठ्ठी एका पिशवीत घालून ठेवते तसंच की. काका म्हणाले, अगदी तसंच, पण परीक्षेत असं लिहिलं तर शून्य. पिशवीत चिठ्ठी दुसऱ्याच्याच मापाची गेली तर काय करायचं, असंही तिने विचारलं. काकांनी पुस्तक चाळलं. तो भाग अभ्यासक्रमात नव्हता.

पहिल्या खेपेला ते नापास झाले. संगणक सुरू होत नसेल तर आधी काय करावं, या प्रश्नाला त्यांनी 'प्लग लावला आहे का ते बघावं' हा पर्याय निवडला होता. बरोबर उत्तर होतं 'लागू धोरणाचा आढावा घ्यावा.' चूक कुठे होतेय ते काकांच्या लक्षात आलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी एकोणीस वर्षांचा अनुभव पूर्णपणे बाजूला ठेवला आणि एक्याण्णव टक्के मिळवले.

पहिलं पॅकेज होतं हजेरीच्या सॉफ्टवेअरचं. बुधवारी सकाळी दहाला काकांनी सगळे रकाने भरले. 'काढून टाकण्याची आज्ञा' या रकान्यात 'लागू नाही' असं लिहिलं, कारण बसवलेलं सॉफ्टवेअर कार्यालयाने आजवर कधी काढलं नव्हतं. शेवटच्या रकान्यात 'अटी' नावाची फाईल जोडली आणि बटण दाबलं.

आता, त्यांच्या संगणकावर 'अटी' नावाच्या फायली दोन होत्या. एक हजेरीच्या कंपनीने पाठवलेली. दुसरी काकांची स्वतःची, कोणत्या टेबलाकडे कोणत्या अटींवर जावं याची एकोणीस वर्षांची टिपणं. एकसष्ट पानं. नमुन्यादाखल:

दुसरा मजला, खिडकीजवळचे साहेब: दर सोमवारी पासवर्ड विसरतात. तो कीबोर्डखाली चिकटवलेला आहे. कीबोर्ड उचलून दाखवणे व आभार स्वीकारणे.

चौथा मजला, विधी अधिकारी: न वाचता सही करतात. कागद पुढे सरकवणे पुरेसे.

सहावा मजला, नवे संचालक: मॉनिटरलाच संगणक समजतात. जुनेही समजत. गैरसमज दूर करू नये.

रेकॉर्ड रूम, बाई: ऐकू कमी येतं. दोन हाका मारणे, परत येणे.

कोणती फाईल गेली हे काकांना कळलं ते त्यांच्याच पडद्यावर चौकट उघडली तेव्हा. वर त्यांचा मजकूर, खाली 'मी वरील मजकूर वाचला असून तो मला मान्य आहे' हे बटण. परत बोलावण्याची सोय नव्हती. काढून टाकण्याचा रकाना त्यांनी स्वतःच निकालात काढला होता. भांडारातले खडू त्यांच्या डोळ्यांपुढे नाचू लागले. ते खुर्चीत बसून पडद्यावरचा आकडा बघत राहिले. साडेदहापर्यंत नऊशे चाळीस जणांनी मान्य केलं होतं. बारापर्यंत एक हजार चारशे अकरा. एकसष्ट पानांना माणशी सरासरी वेळ अडीच सेकंद. (संचालकांना नऊ लागले. ते आधी मॉनिटरवर बोट दाबून पाहत होते.)

काकांचा जीव भांड्यात पडला. मग, का कोण जाणे, त्यांना जरा वाईटही वाटलं. एकोणीस वर्षांचं लेखन, आणि एकानेही वाचू नये?

एकीने वाचलं होतं. दुपारी तीन वाजता रेकॉर्ड रूममधल्या बाई छापलेली एकसष्ट पानं घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"चांगलं लिहिता तुम्ही," त्या म्हणाल्या. "खिडकीजवळचे साहेब तर हुबेहूब. पण मी मान्य म्हणणार नाही. मला ऐकू व्यवस्थित येतं. मी हातातली ओळ संपवून मान वर करते, तोवर तुम्ही निघून गेलेले असता."

काकांनी मनापासून माफी मागितली. परंतु माफीचा रकाना पॅकेजमध्ये नव्हता. बटण दाबल्याशिवाय बाईंची हजेरी लागेना, म्हणून पुढचे तीन दिवस त्या आपल्या खुर्चीत बसून गैरहजर राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांना नोटीस निघाली: डिप्लॉयमेंटचं यश ९९.९३ टक्क्यांवर अडकण्यास आपण कारणीभूत आहात, सबब निलंबित का करू नये?

त्या संध्याकाळी काकांनी घरी नोटिशीची हकीकत सांगितली. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि कात्री खाली ठेवून एवढंच म्हणाली, "अहो, माप चुकलं तर माप सुधारतात. माणसाला नाही कापत."

सकाळी काका थेट सहाव्या मजल्यावर गेले. उभ्या उभ्याच म्हणाले, "साहेब, चूक बाईंची नाही, माझी आहे. अटींच्या जागी माझी खाजगी टिपणं गेली. त्यात तुमच्याबद्दलही लिहिलंय."

संचालकांनी विचार केला. "मी ते मान्य केलंय?"

"हो."

"मग प्रश्न कुठे आहे?"

विधी अधिकाऱ्यांचं मत मागवलं गेलं. एक हजार चारशे अकरा जणांनी वाचून मान्य केलेला मजकूर मागे घेणं हा त्यांच्या संमतीचा अवमान ठरेल, एका नोंदीपुरती दुरुस्ती मात्र चालेल, असा अभिप्राय त्यांच्यापुढे सरकवला गेला आणि त्यांनी त्यावर सही केली. दुसरी आवृत्ती निघाली: 'रेकॉर्ड रूम, बाई: ऐकू उत्तम येतं. ओळ संपेपर्यंत थांबणे.' बाकीच्यांनी ती दोन सेकंदांत मान्य केली. बाईंनी एकसष्ट पानं पुन्हा वाचली, शुद्धलेखनाच्या दोन चुका कळवल्या आणि मग बटण दाबलं. नोटीस मागे घेतली गेली, आणि संचालकांना शंभर टक्क्यांबद्दल मानचिन्ह मिळालं.

इतकं निर्दोष पॅकेज वाया जाऊ नये म्हणून इतर कार्यालयांनी ते जसंच्या तसं मागून नेलं: दवाखाने, बँका, शाळा, वीज कंपन्या. अटी तशाच ठेवून प्रत्येकाने आपापल्या माणसांच्या आणि ग्राहकांच्या नोंदी खाली वाढवल्या. आता ती यादी बरीच लांब झाली आहे आणि आजवर तिच्याबद्दल एकही तक्रार आलेली नाही. मध्यंतरी एकदा, तुम्ही घाईत असताना, तुमच्याही पडद्यावर एक राखाडी चौकट उघडली होती. तिच्यात तुमच्याबद्दल काय लिहिलं होतं, ते आता विचारू नये. तुम्हाला ते मान्य आहे.